जुनी पिकअप मधूनच काळा धूर सोडते, तेव्हा आधी काय तपासायचं

तुमची अडचण मला समजली ती अशी. १९९१ची शेवरोले सी-१५०० पिकअप, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर दोन इंजेक्टरची टीबीआय थ्रॉटल बॉडी (कार्ब्युरेटरच्या जागी बसून हवेच्या वाटेतच पेट्रोल फवारणारी), गिअर ऑटोमॅटिक, आणि गाडी ओहायोत. सकाळी झकास चालते. अर्धा तास चालल्यावर कधीकधी, रोज नाही, आयडलला इंजिन हेलकावे खातं, मागून काळा धूर येतो, पेट्रोलचा उग्र वास सुटतो, चेक इंजिनचा दिवा क्षणभर लागून विझतो. गाडी बंद करून थोडा वेळ ठेवली की पुन्हा ठणठणीत. गॅलनला १५ मैलांचं अ‍ॅव्हरेज १० वर आलंय. प्लग, ऑक्सिजन सेन्सर, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर बदलून झाले. टेम्परेचरचा काटा कायम जागेवर असतो. आता एक मेकॅनिक म्हणतो कॉम्प्युटर बदला, दुसरा म्हणतो अख्खी थ्रॉटल बॉडी बदला.

सध्या दोन्ही बदलू नका. येणारा-जाणारा दोष पार्ट बदलून सापडत नाही. नवा पार्ट घातल्यावर गाडी आठवडाभर नीट चालली, तर ती त्या पार्टमुळे चालली की दोष त्या आठवड्यात आलाच नाही, हे कळायला काही मार्ग नसतो. त्यातून जुना पार्ट कचऱ्यात गेलेला असतो आणि नव्या पार्टचा स्वतःचा काही दोष असेल तर गुंता आणखी वाढतो. दोष चालू असताना तो पकडायचा आणि त्या क्षणी एकच गोष्ट ठरवायची: जास्तीचं पेट्रोल कॉम्प्युटर मुद्दाम सोडतोय, की त्याने न सांगता पेट्रोल आत येतंय? एवढं कळलं की अर्धे पार्ट संशयातून सुटतात.

हे ठरवायचं कसं, त्यासाठी ही यंत्रणा चालते कशी ते माहीत हवं. या इंजिनात आत येणारी हवा मोजणारं मीटर नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब, इंजिनचे फेरे आणि कूलंटचं तापमान यांवरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. दाब सांगतो मॅप सेन्सर. तापमान सांगतो कूलंटचा दोन वायरींचा सेन्सर. या दोघांपैकी एकाने खोटं सांगितलं की कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओततो. म्हणून कॉम्प्युटर शाबूत असतो, इंजेक्टर शाबूत असतो, आणि तरीही धूर काळाच येतो.

पहिलं काम कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे क्रमांक वाचायचं. दिवा विझला म्हणून कोड पुसला जात नाही, तो मेमरीत राहतो. त्यामुळे मधल्या काळात बॅटरीची वायर काढू नका. काढली तर पुरावाच जाईल. डॅशबोर्डखाली स्टिअरिंगच्या बाजूला १२ खणांचा कनेक्टर आहे. त्यातला ए आणि बी खण वायरच्या छोट्या तुकड्याने जोडा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. दिवा आधी १२ हा कोड तीनदा दाखवेल: एक लुकलुक, थोडी थांब, मग दोन लुकलुकी. हा दोषाचा कोड नाही, यंत्रणा बोलतेय एवढाच त्याचा अर्थ. पुढे साठवलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा येतो. तुमच्या बाबतीत मला पाहायचेत ते असे: १४ आणि १५ कूलंट सेन्सरचे, ३३ आणि ३४ मॅपचे, ४४ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरला मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसतंय, ४५ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) दिसतंय, १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट तुटलंय. १५ किंवा ३३ मिळाला तर काम बरंच सोपं होईल. काहीच मिळालं नाही तरी हिरमुसू नका. सेन्सर थोडं खोटं बोलत असेल तर कोड पडतच नाही. तो पडतो आकडा अगदी अशक्य झाल्यावर.

आता एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते आणि जिला कसलाही स्कॅनर लागत नाही. ए-बी जोडलेलं ठेवून इंजिन चालू केलं की तोच दिवा वेगळ्या अर्थाने लुकलुकतो. सेकंदाला अडीच वेळा, म्हणजे भराभर लुकलुकला तर कॉम्प्युटर ओपन लूपमध्ये आहे, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाहीये. सेकंदाला एकदा लुकलुकला तर क्लोज्ड लूपमध्ये आहे. क्लोज्ड लूपमध्ये दिवा बहुतेक वेळ पेटलेला राहिला तर मिक्श्चर रिच, बहुतेक वेळ विझलेला राहिला तर लीन, दोन्ही सारखं असेल तर ठीक. गाडी बरी असताना हे एकदा पाहून ठेवा आणि दोष आल्यावर लगेच पुन्हा पाहा. इंजिन गरम होऊन वीस मिनिटं झाली आणि दोष आल्याबरोबर दिवा भराभर लुकलुकू लागला, तर कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटतंय, हा पहिला संशय. इथे एक सावधगिरी लागते. या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर एका वायरीचा आहे, त्यात हीटर नाही. बराच वेळ आयडलला उभी राहिली तर तो थंड होतो आणि गाडी आपोआप ओपन लूपमध्ये जाते. ते दोषाचं लक्षण नव्हे. मिनिटभर १,५०० ते २,००० फेऱ्यांवर रेस धरा आणि मगच दिव्याकडे पाहा.

लॅपटॉप आणि या जुन्या कनेक्टरची केबल मिळाली तर उत्तमच. मग दोन आकडे पाहायचे, ब्लॉक लर्न आणि इंटिग्रेटर. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करतो ती ही दुरुस्ती, पहिली सावकाश शिकलेली, दुसरी क्षणाक्षणाची. दोन्ही १२८ म्हणजे तटस्थ. १२८च्या खाली गेले तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी करतोय, वर गेले तर वाढवतोय. दोष चालू असताना गाडी क्लोज्ड लूपमध्ये आहे, ब्लॉक लर्न ११०च्या आसपास घसरलाय आणि धूर तरीही काळा, असं दिसलं तर कॉम्प्युटर जीव तोडून पेट्रोल कापतोय पण ते त्याला आवरत नाही. मग इंजेक्टर, प्रेशर, कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषून ठेवणारा कोळशाचा डबा) किंवा मॅप यांच्याकडे वळायचं. उलट आकडे १२८वर गोठलेले आणि ओपन लूप, असं असेल तर तापमानाच्या बाजूने शोधायचं. एक ध्यानात ठेवा, हा कॉम्प्युटर १६० बॉडने, म्हणजे फारच सावकाश बोलतो. पडद्यावरचे आकडे सावकाश बदलतात. अर्ध्या सेकंदाचा झटका त्यात निसटून जातो. तशा झटक्यासाठी सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा धरून ठेवणारा मल्टिमीटर जास्त उपयोगाचा.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कूलंट सेन्सरवर, आणि त्याहून जास्त त्याच्या कनेक्टरवर आणि वायरिंगवर आहे. टेम्परेचरचा काटा बरोबर आहे म्हणून तुम्ही तो सोडून दिलात, पण काटा चालतो वेगळ्या सेन्सरवर. काट्याचा सेन्सर एका वायरीचा, तो ड्रायव्हरच्या बाजूच्या हेडमध्ये बसतो. कॉम्प्युटरचा सेन्सर दोन वायरींचा, तो पुढे थर्मोस्टॅटजवळ (कूलंटचा रस्ता उघडणाऱ्या व्हॉल्व्हजवळ) इनटेक मॅनिफोल्डमध्ये असतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काटा ९०वर असताना कॉम्प्युटरला इंजिन गारठलेलं वाटू शकतं.

हा सेन्सर थंड असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो, गरम झाल्यावर कमी. २० अंश सेल्सिअसला साधारण ३,५०० ओहम, ९०ला २४०च्या आसपास, १००ला १८०च्या आसपास. आता कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढलाय असं समजा. ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, तेव्हा हे घडणारच. त्या गंजाने १,५०० ओहमची भर घातली. सकाळी ३,५०० मध्ये १,५०० मिळवले तरी फारसं बिघडत नाही, कॉम्प्युटरला इंजिन आहे त्याहून थोडं जास्त थंड वाटतं एवढंच. पण गरम इंजिनात २४०चे १,७४० होतात, आणि कॉम्प्युटर समजतो तापमान ३५ अंशांच्या आसपास आहे. मग तो थंड इंजिनाला द्यायचं पेट्रोल देत राहतो. कोड पडत नाही, कारण ३५ हा आकडा अशक्य नाही. सकाळी गाडी बरी आणि गरम झाल्यावर वाईट, हे तुमचं कोडं इथे बरोबर बसतं. गंजलेला जोड इंजिनच्या उष्णतेने आणि थरथराटाने हलतो, म्हणून ते रोज होत नाही.

तपासायची पद्धत अशी. दोष आलाय, इंजिन गरम आहे, अशा वेळी गाडी बंद करा, सेन्सरचा कनेक्टर काढा आणि सेन्सरच्याच दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. २०० ते ३०० ओहम आले तर सेन्सर निर्दोष. मग कनेक्टरच्या बाजूच्या दोन खणांत वायरचा तुकडा घालून शॉर्ट करा, चावी ऑन करा आणि लॅपटॉपवर तापमान पाहा. आकडा एकदम वरच्या टोकाला, १३० अंशांच्याही पुढे जायला हवा. याने १४चा कोड पडेल, तो नंतर पुसता येतो. आकडा तिथे न जाता मधेच कुठे घुटमळला, तर रेझिस्टन्स वायरिंगमध्ये आहे. वायर हातात धरून कनेक्टरपासून मागे मागे हलवत जा, एका ठिकाणी आकडा उडी मारेल. बऱ्याचदा हा बिघाड कनेक्टरच्या अगदी मागे, जिथे तांब्याचे धागे पिनेत दाबलेले असतात तिथेच निघतो. वरून वायर छान दिसते आणि आत दोनच धागे उरलेले असतात. नुसता सेन्सर बदलणाऱ्यांची गाडी चार दिवस बरी चालते ती यामुळेच. कनेक्टर काढताना-घालताना पीन घासली जाते आणि जोड तात्पुरता सुधारतो. कनेक्टर वायरीसकट नवा मिळतो, तो सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. पिनेवर नुसता क्लीनर मारून सोडू नका.

त्याच भागात, थर्मोस्टॅटच्या घराजवळच्या बोल्टवर, कॉम्प्युटरच्या अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हकडे जाणाऱ्या (अर्थिंगच्या) वायरी बसलेल्या असतात. थर्मोस्टॅट बदलताना कुणीतरी त्या काढल्या आणि रंगावर किंवा गंजावर तशाच आवळल्या, हे मी वारंवार पाहिलं आहे. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटरचं एक टोक त्या वायरीच्या रिंगवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. अर्थ खराब असला की सगळे सेन्सर एकदम थोडं थोडं खोटं बोलतात आणि माणूस वेड्यासारखा एकेक सेन्सर बदलत बसतो. खरवडून साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही.

थर्मोस्टॅटचाही विचार करा. मूळचा १९५ फॅरनहाइटचा, म्हणजे ९० सेल्सिअसचा असतो. कुणी कमी तापमानाचा घातला असेल किंवा तो उघडा अडकत असेल, तर थंडीत हायवेवर इंजिन खरोखरच थंड पडतं. पण मग काटाही खाली यायला हवा, आणि तुमचा येत नाही.

दुसरा संशयित मॅप सेन्सर, किंवा खरं तर त्याची नळी. सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या शेजारी असतो आणि एक लहानशी रबरी नळी त्याला व्हॅक्यूम देते. तीस वर्षांत ती तेलाने मऊ होते. गार असताना टोकाला घट्ट बसते, गरम झाली की सैल पडून हवा ओढते. हवा ओढली की सेन्सरला दाब वाढल्यासारखा दिसतो आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडी चढावर ओझं घेऊन निघाली आहे. चावी ऑन, इंजिन बंद असताना सिग्नलवर ४.६ ते ४.९ व्होल्ट हवेत, आयडलला १ ते १.५. दोष आल्यावर आयडलला २ व्होल्टच्या वर गेला तर नळी काढून टोकं पाहा. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर सेन्सरवर १० इंच व्हॅक्यूम द्या. व्होल्टेज साधारण दीड ते दोन व्होल्टनी खाली यायला हवं आणि मिनिटभर तिथेच टिकायला हवं. नळीचा हा तुकडा किरकोळ पैशांत मिळतो, दोष असो-नसो नवा घालून टाका. सगळं तपासल्याशिवाय काही बदलू नका म्हणणारा मी एवढी एकच सूट देतो.

मॅप खोटं बोलत नसूनही आकडा वर जाऊ शकतो. ईजीआर व्हॉल्व्हच्या (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बैठकीत काजळीचा खडा अडकला तर आयडललाच जळालेला वायू मॅनिफोल्डमध्ये येतो, व्हॅक्यूम पडतो, मॅप ते प्रामाणिकपणे कळवतो आणि मिक्श्चर रिच होतं. इंजिन हेलकावे खातं तेही त्यानेच. व्हॅक्यूम गेज लावून पाहा. मॅप आणि गेज दोघंही एकच गोष्ट सांगत असतील तर सेन्सर खरा आहे आणि इंजिनचा व्हॅक्यूमच कमी आहे.

आता कॉम्प्युटरने न सांगता आत येणाऱ्या पेट्रोलकडे वळू. इथे टीबीआयसारखी सोय दुसऱ्या कुठल्या इंजेक्शनमध्ये नाही. एअर क्लीनर काढला की दोन्ही इंजेक्टर डोळ्यांसमोर. आयडलला फवारा छत्रीसारखा, एकसारखा दिसायला हवा. टायमिंग लाइट मारली तर फवारा थिजल्यासारखा दिसतो, मग थेंब लगेच ओळखू येतात. इंजिन बंद केल्यावर टोकाखाली टपटप होता कामा नये. इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगमधून गळत असेल तर पेट्रोल टोकातून येत नाही, बाजूने ओघळतं, तेही नीट पाहा. पेट्रोल उघड्यावर असतं, तेव्हा शेजारी अग्निशामक हवाच आणि सैल वायर कुठेही नको. हे गॅरेजचं दार बंद करून अजिबात करू नका. रिच चालणारं इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरमसाट सोडतं. त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. थंडी कितीही असो, गाडी बाहेर काढा.

फ्युएल प्रेशर ९ ते १३ पीएसआय हवं. दोष नसताना ते बरोबर येणार, म्हणून गेज बसवूनच गाडी हिंडवा. नळी लांब घेऊन गेज वायपरखाली काचेबाहेर अडकवायचा, गेज कधीही केबिनमध्ये घ्यायचा नाही. प्रेशर मधूनच वर गेलं तर रिटर्नची लाइन कुठे दबलीय का पाहा.

प्लग नवे आहेत, ते या कामी उपयोगी पडतील. आठही काढून क्रमाने मांडा. या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये एक बाजू मुख्यतः १, ४, ६, ७ या सिलिंडरना भरवते आणि दुसरी २, ३, ५, ८ना. एका गटाचे चार काळे आणि दुसऱ्याचे तपकिरी निघाले तर एक इंजेक्टर गळतोय. आठही सारखेच काळे असतील तर इंजेक्टर सोडून द्या. एखाद-दुसराच काळा आणि ओला असेल तर तिथे ठिणगीच पडत नाही, प्लगची वायर किंवा डिस्ट्रिब्युटर कॅप तपासा. मिसिंग, म्हणजे असं न पेटणारं सिलिंडर असेल तर न वापरलेला ऑक्सिजन थेट ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, त्याला मिक्श्चर लीन वाटतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल आणखी वाढवतो. नाकाला रिच आणि कोड ४४ लीनचा, असा विरोध दिसला तर मिसिंग किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला गळती, या दोघांपैकीच काहीतरी असतं.

कॅनिस्टरबद्दल एवढंच विचारतो: टाकी काठोकाठ भरल्यानंतर हे जास्त होतं का? होत असेल तर कॅनिस्टर पेट्रोलने भिजला आहे. दोष आल्यावर त्याची पर्जची, म्हणजे ती वाफ इंजिनात नेणारी नळी चिमट्याने बंद करा. मिनिटभरात इंजिन सुधारलं तर कारण सापडलं.

ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. एवढे दिवस रिच चालल्यावर ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं असणार. गरम झालं की त्याची वाफ पीसीव्हीतून (ऑइलच्या खोलीतली वाफ ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) परत इंजिनात जाते, म्हणजे मूळ दोष काढल्यावरही गाडी रिचच वाटत राहते. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, मगच निकाल द्या. तोपर्यंत लांबचा प्रवास टाळा आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, कारण रिच चालताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लालबुंद होऊ शकतो. सगळं झाल्यावर बॅटरीची वायर थोडा वेळ काढून जुने शिकलेले आकडे पुसा. पहिले काही मैल गाडी थोडी अडखळेल, ते चालायचंच.

क्रम असा धरा: कोड, दिव्याची लुकलुक, अर्थचा व्होल्टेज ड्रॉप, कूलंट सेन्सरचा कनेक्टर, मॅपची नळी. या पाचांना एक सुट्टीचा दिवस आणि बहुतेक साधा मल्टिमीटर पुरतो, कूलंटच्या वायरिंगला तेवढा लॅपटॉप लागतो. तरीही दोष राहिला तर तो चालू असतानाचे आकडे लिहून पाठवा: लूप ओपन की क्लोज्ड, कॉम्प्युटरला दिसणारं तापमान, आयडलला मॅपचं व्होल्टेज, ब्लॉक लर्न. गाडी बरी असतानाचे तेच आकडे शेजारी लिहा. त्यावरून पुढे सांगता येईल.